रामा राघोबा राणे : रणगाड्यांसाठी राजौरीचा रस्ता मोकळा करणारे परमवीर

अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला जा, मोर्शीला जा, नाहीतर चांदूर बाजारला. पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्य भरतीची. या पोरांच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे पहिले भारतीय सैनिक कोण?

उत्तर पाठ असतं. रामा राघोबा राणे.

एक मार्क मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे जातो. पण या माणसाने नेमकं केलं काय होतं, हे विचारलं की बऱ्याच जणांची गाडी अडते. कारण राणेंनी शत्रूची चौकी एकट्याने जिंकली नव्हती की शत्रूचं विमानही पाडलं नव्हतं. त्यांनी रस्ता मोकळा केला होता. सुरुंग उकरले होते, आडवी पाडलेली झाडं उडवली होती, रणगाड्यांसाठी वाट काढली होती. तेही चार दिवस आणि सतत गोळीबारात.

एवढ्याशा कामासाठी देशाचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार का मिळाला? हे समजून घ्यायचं तर आधी माणूस समजून घ्यायला लागतो आणि मग रणगाडा.

पोलीस शिपायाचा मुलगा

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा. घराणं कारवारजवळच्या चेंडिये गावचं. कारवार आज कर्नाटकात असलं तरी तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता. घराघरात कोकणी आणि मराठी बोलली जायची, आजही बोलली जाते.

वडील पोलीस खात्यात शिपाई होते. पोलिसाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. आज इथे, उद्या तिथे. त्यामुळे रामाचं शिक्षण तुकड्यातुकड्यात झालं. एका शाळेत बस्तान बसतंय तोच बिऱ्हाड हलायचं.

१९३० साल उजाडलं. देशभर गांधीजींच्या आंदोलनाचं वारं होतं. बारा वर्षांच्या रामालाही त्या वाऱ्याने ओढलं. आता वडील इंग्रज सरकारचे पोलीस आणि मुलगा सरकारविरोधी आंदोलनात, हे घरात कसं चालणार? वडिलांनी काळजीपोटी कुटुंबाला परत मूळ गावी, चेंडियेला आणलं.

पुढे दहा वर्षांनी हाच मुलगा इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. दुसरं महायुद्ध पेटलं होतं, वय बावीस होतं. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. लष्करात आणि पुण्यात या पलटणीला सगळे बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखतात. तिचं केंद्र पुण्याजवळच्या खडकीत आहे.

सॅपर म्हणजे कोण?

सैन्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूकधारी जवान येतो. पण त्या जवानाच्या पुढे किंवा बरोबरीने आणखी एक माणूस चालत असतो. नदी आली तर पूल बांधणारा, डोंगर आला तर वाट काढणारा, सुरुंग पेरले असतील तर ते काढणारा आणि माघार घ्यायची वेळ आली तर मागचा पूल उडवणारा. तो सॅपर.

सॅपरच्या कामाची अडचण अशी की दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. समोरून गोळी आली तर उलट गोळी झाडायलाही हात मोकळा नसतो. आणि हे काम घाईत होत नाही.

राणे प्रशिक्षणातच चमकले. आपल्या तुकडीतले सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यांची निवड झाली. मग नाईक म्हणून बढती मिळाली आणि रवानगी झाली ब्रह्मदेशात. तिथे २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीत ते जपान्यांविरुद्ध लढत होते.

आराकानमधून इंग्रज फौज मागे हटू लागली, तेव्हा बुथिडाँग इथे एक अवघड काम राणेंच्या वाट्याला आलं. मागे राहिलेला दारूगोळा आणि सामान जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून ते नष्ट करायचं होतं. सगळे निघून गेल्यावर राणे आणि त्यांच्या दोन सेक्शन तिथे मागे थांबल्या. काम झालं की नौदलाची जहाजं त्यांना घेऊन जाणार होती.

काम फत्ते झालं, पण सुटकेचा बेत फसला. मग या माणसांनी जपानी गस्त असलेली नदी ओलांडली आणि चालत जाऊन आपली डिव्हिजन गाठली. राणे हवालदार झाले, पुढे जमादार झाले. स्वातंत्र्यानंतर चार महिन्यांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे साध्या शिपायापासून सुरुवात करून, एकेक पायरी चढत ते अधिकारी झाले होते.

आणि लगेच काश्मीरला निघाले.

नौशेरा ते राजौरी

ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडून टोळीवाले जम्मू-काश्मीरमध्ये घुसले. श्रीनगरची लढाई आपण शाळेत वाचलेली असते. पण त्याच वेळी जम्मूच्या बाजूला, पीर पंजाल डोंगररांगेच्या दक्षिणेला, दुसरी तितकीच भयंकर लढाई सुरू होती.

नोव्हेंबरमध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली. आजूबाजूच्या गावांतून जीव वाचवायला आलेले निर्वासित तिथे जमले होते. हजारो लोक मारले गेले. जे वाचले ते अडकून पडले. डिसेंबरमध्ये झांगरही गेलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या फौजेने नौशेरा राखलं आणि १८ मार्चला झांगर परत घेतलं.

आता लक्ष्य होतं राजौरी. नौशेरापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. आज गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता.

पण एप्रिल १९४८ मध्ये त्या रस्त्यावर जागोजागी सुरुंग पेरलेले होते. चिडाची मोठाली झाडं कापून आडवी टाकली होती. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मशीनगन आणि उखळी तोफा रोखलेल्या होत्या. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं अडकलेली होती. जितका उशीर होईल, तितकी आणखी माणसं मारली जाण्याची भीती होती.

म्हणून सैन्याला रणगाडे हवे होते.

रणगाडा इतका भारी, मग अडतो कुठे?

काश्मीरच्या त्या युद्धात भारतीय लष्कराने अमेरिकी बनावटीचे स्टुअर्ट रणगाडे वापरले. हे हलके रणगाडे. हलके म्हणजे वजन साधारण १५ टन. आत चार माणसं, वर ३७ मिलिमीटरची तोफ. रायफल किंवा मशीनगनची गोळी या चिलखतावर आपटून पडते. टेकडीवरच्या मोर्च्यावर थेट तोफ डागता येते. पायदळासाठी असा रणगाडा सोबत असणं म्हणजे मोठाच आधार.

पण रणगाड्याच्या काही दुखऱ्या जागा असतात.

पहिली म्हणजे पट्टा. रणगाडा चाकांवर नाही, लोखंडी साखळीपट्ट्यावर चालतो. म्हणून तो चिखलातून, खडकांतून, नांगरटीतून जातो. पण पट्टा एका जागी तुटला की १५ टनांचं धूड जागच्या जागी बसतं. रणगाडाविरोधी सुरुंगाचं पहिलं काम तेवढंच असतं.

दुसरी जागा म्हणजे पोट. चिलखत सगळीकडे सारखं नसतं. समोर सगळ्यांत जाड असतं, कारण शत्रू समोर असतो हे गृहीत धरलेलं असतं. खालचा पत्रा त्या मानाने पातळ असतो. सुरुंग नेमका खालून फुटतो.

तिसरी अडचण नजरेची. लढाईत झडपा बंद केल्या की चालकाला अरुंद फटीतून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. रस्त्यावर ताजी उकरलेली माती आहे की नाही, हे त्याला कळणं कठीण.

आणि चौथी अडचण डोंगरी रस्त्याची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुढचा एक रणगाडा बंद पडला की मागची सगळी रांग अडकली. मग टेकडीवरून निशाणा साधायला शत्रूला पूर्ण वेळ मिळतो.

थोडक्यात, आतल्या माणसांना रणगाडा वाचवतो. पण रणगाड्याला वाचवायला कुणीतरी बाहेर, मोकळ्यावर, चिलखताशिवाय काम करायला लागतं.

राजौरीच्या रस्त्यावर ते काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका सेक्शनकडे होतं आणि त्या सेक्शनचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

८ एप्रिल : पहिल्याच तासात सात जण बाद

८ एप्रिलला ४ डोगरा बटालियनने नौशेरापासून ११ किलोमीटरवरची बरवाली टेकडी घेतली. पण पुढे अडथळे आणि सुरुंग होते. रणगाडे थांबले. राणे आणि त्यांची माणसं कामाला लागली.

काम सुरू होताच उखळी तोफांचे गोळे पडायला लागले. दोन सॅपर जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. त्या जखमींमध्ये स्वतः राणेही होते.

इथे थांबलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. राणेंनी उरलेल्या माणसांना पुन्हा एकत्र केलं आणि काम परत सुरू केलं. संध्याकाळपर्यंत रणगाडे पुढे सरकतील एवढी वाट झाली. पण पुढचा रस्ता तसाच होता. मग रात्रभर काम चाललं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हेही जरा पाहू. जमिनीवर पालथं व्हायचं. संगीन किंवा सळई तिरकी धरून माती हळूहळू टोचत जायची. सरळ खाली खुपसली तर टोक सुरुंगाच्या वरच्या दाबपट्टीवर बसू शकतं, म्हणून तिरकी. काही कठीण लागलं की हाताने माती बाजूला करायची. बऱ्याचदा तो दगडच निघतो. पण प्रत्येक दगडाला सुरुंग समजूनच हात लावायला लागतो. हे सगळं एप्रिलच्या रात्री, डोंगरात आणि दिवा न लावता. अंगात जखम घेऊन.

९ आणि १० एप्रिल : पाच झाडं आणि रणगाड्याचं पोट

९ एप्रिलला सेक्शनने सलग १२ तास काम केलं. सुरुंग काढले, अडथळे हटवले. रस्ता रणगाड्याला झेपणारच नाही अशा ठिकाणी राणेंनी बाजूने नवी वळणवाट काढली. मागून रणगाडे, पुढे राणे, वरून गोळे असा तो प्रवास होता.

१० एप्रिलला पहाटेच ते परत पुढे निघाले. समोर मोठा अडथळा होता. पाच मोठी चिडाची झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग आणि त्या जागेवर रोखलेली मशीनगन. हा अडथळा दोन तासांत बाजूला झाला. त्या दिवशी फौज सुमारे १३ किलोमीटर पुढे गेली.

मग आणखी एक मोठा अडथळा आला. या वेळी जवळ जाणंच अशक्य होतं, कारण तिथवर जाणारी सगळी वाट टेकडीवरच्या माऱ्याखाली होती. राणे एका रणगाड्यात बसून अडथळ्यापर्यंत गेले. तिथे उतरून रणगाड्याखाली आडोसा घेतला आणि रात्र संपायच्या आत तो अडथळा उडवून रस्ता मोकळा केला.

राणेंच्या गोष्टीतला सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग याच मोहिमेतला. पुढच्या रणगाड्याच्या खाली झोपून, त्याच्याबरोबर रांगत रांगत ते सुरुंगांमधून गेले आणि चालकाला दोऱ्यांनी इशारे देत राहिले. दोन दोऱ्या. एक ओढली की थांबायचं, दुसरी ओढली की पुढे सरकायचं.

आता स्टुअर्ट रणगाड्याचं पोट जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतं. दोन्ही बाजूंना फिरणारे लोखंडी पट्टे. वर इंजिनाचा आवाज. चालकाला खालचा माणूस दिसत नाही आणि खालच्या माणसाचा आवाज वर पोहोचत नाही. दोघांमध्ये काय ते दोरीचंच नातं. एक इशारा चुकला तर सुरुंगाची गरजच पडली नसती.

चालकाचा राणेंवर आणि राणेंचा चालकावर किती विश्वास असेल, याचा अंदाज यावरून यावा.

११ एप्रिल : सतरा तास

११ एप्रिलला राणेंच्या सेक्शनने १७ तास काम केलं आणि चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. चिंगस हे मुघल काळातलं सराईचं ठिकाण. काश्मीरहून परतताना १६२७ साली बादशहा जहांगीर वारला, तेव्हा त्याची आतडी इथे पुरली होती असं तिकडे परंपरेने सांगतात. दिल्लीचे बादशहा ज्या रस्त्याने उन्हाळ्यात थंड हवेला जायचे, त्याच रस्त्यावर आता सॅपर मंडळी मातीत पालथी पडून सुरुंग शोधत होती.

चिंगसच्या पुढेही काम थांबलं नाही.

१२ एप्रिलला राजौरी भारतीय सैन्याच्या हाती आली. रणगाडे आले म्हणताच हल्लेखोरांचा धीर सुटला. चिंगस आणि राजौरीतले अनेक नागरिक वाचले. राजौरीत आजही १३ एप्रिल हा दिवस राजौरी दिन म्हणून पाळला जातो. उशिरा पोहोचलेल्या मदतीची आणि न वाचलेल्या माणसांची आठवण म्हणूनही तो दिवस महत्त्वाचा आहे.

सॅपरचा सन्मान

त्या वेळी परमवीर चक्र नावाचा पुरस्कारच अस्तित्वात नव्हता. २६ जानेवारी १९५० ला तो जाहीर झाला आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरला गेला. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी. त्यांचे पती विक्रम खानोलकर लष्करात अधिकारी होते.

१९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग यांना मरणोत्तर. लान्स नाईक करम सिंग आणि राणे हे दोघे हयात होते. करम सिंग यांचा पराक्रम ऑक्टोबर १९४८ चा, राणेंचा एप्रिलचा. म्हणून भरतीच्या पुस्तकातलं ते उत्तर.

बॉम्बे सॅपर्सच्या इतिहासात याच्याशी अगदी जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. १९४१ साली पूर्व आफ्रिकेत प्रेमिंद्र सिंग भगत या तरुण अधिकाऱ्याने इटालियन फौजेने पेरलेले सुरुंग काढत चार दिवसांत ५५ मैल रस्ता मोकळा केला. ते बसलेली हलकी चिलखती गाडी दोनदा सुरुंगाने उडाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही वेळा पलटण तीच आणि काम तेच होतं. दोन्ही वेळा सर्वोच्च पदक मिळालं ते रस्ता उघडून देणाऱ्याला.

राणे पुढे लष्करातच राहिले. १९५५ साली लग्न झालं. पाच वेळा युद्धवृत्तांत त्यांच्या कामगिरीची खास नोंद झाली. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यानंतर पुन्हा सेवेत घेतले गेले आणि १९७१ पर्यंत काम करत राहिले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ७६.

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली, त्यात एक बेट राणेंच्या नावाचं आहे.

गाडी बदलली, रस्ता बदलला नाही

राणेंची गोष्ट जुनी वाटत असेल तर विदर्भातल्या माणसाला फार लांब जायला नको. गडचिरोली आहे.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे माओवाद्यांनी भूसुरुंग स्फोट केला. १५ पोलीस आणि गाडीचा चालक ठार झाले. ते साध्या खासगी गाडीतून निघाले होते.

मग प्रश्न येतोच, सुरुंगरोधक गाडी असती तर?

राणेंच्या काळानंतर या गाड्यांमध्ये बराच फरक पडला. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या भागात एक सोपी कल्पना पुढे आली. गाडीचा तळ सपाट ठेवण्याऐवजी इंग्रजी व्ही अक्षरासारखा करायचा आणि गाडी जमिनीपासून उंच ठेवायची. खालून स्फोट झाला की त्याचा जोर तळावर सरळ आदळत नाही, दोन्ही बाजूंना फाकतो. चाक उडतं, पण आतली माणसं वाचतात. तिथली कॅस्पिर ही गाडी पुढे भारतीय लष्करानेही घेतली. देशात जबलपूर आणि मेडकच्या कारखान्यांत अशा गाड्या बनल्या. २०२१ मध्ये लष्कराने पुण्याच्या भारत फोर्जकडे कल्याणी एम-४ या चिलखती गाड्यांची मागणी नोंदवली.

पण याला मर्यादा आहेच. २००५ साली छत्तीसगडच्या बिजापूर भागात माओवाद्यांनी सुरुंगरोधक गाडीच उडवली. २० हून जास्त जवान गेले. गाडी जेवढा स्फोट सोसू शकते, त्याहून जास्त दारू कुणी रस्त्याखाली पुरली तर चिलखत पुरं पडत नाही.

म्हणून आजही सुरक्षा दलं धोक्याच्या भागात गाड्या नेण्याआधी पायी माणसं पाठवतात. रस्त्याची कड, मोऱ्या, ताजी माती, लोंबणारी वायर तपासत ही माणसं पुढे चालतात. रोड ओपनिंग पार्टी म्हणतात तिला. हातात आता सुरुंगशोधक यंत्र असतं, सोबत श्वान असतं. पण काम तेच असतं. मागून येणाऱ्या चिलखतासाठी पुढे चिलखताशिवाय चालायचं.

रिद्धपूर-मोर्शीच्या रस्त्यावर आज धावणाऱ्या पोरांपैकी कुणी उद्या अशाच एखाद्या तुकडीत असेल. तेव्हा राणे हे नाव त्याला एका मार्काचं उत्तर म्हणून आठवणार नाही. आपल्याआधी या वाटेने गेलेला माणूस म्हणून आठवेल.